कानातले हाड आणि मिलिमीटरभर पटाशी



गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री माझ्या थोरल्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. आवाज असा घाबरा, की मला वाटले घरात कुणी पडले की काय. तसे काही नव्हते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, गेली बावीस वर्षे कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या कानात हाड वाढले आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. पण ताईने धसका घेतला होता तो हाडाचा नव्हे, उपायाचा. ती म्हणाली, "अरे, ते म्हणे छिन्नी-हातोडीनं हाड फोडणार आहेत! कान आहे की पाटा, टाकी लावून घ्यायला? तू इतकी वर्षं कानांची ऑपरेशनं केलीस. कधी असलं काही केलंस का?"

मी म्हणालो, "केलंय. आणि पुढे ते सुटलं तेव्हा सुटलो असंही वाटलं होतं."

या उत्तराने तिचे समाधान व्हायचे ते दूरच, काळजी दुप्पट झाली. त्या रात्री फोनवर तिला जे मला धड सांगता आले नाही, ते आज आपल्याला निवांतपणे सांगावे असा बेत आहे.

कानाच्या पाळीपासून आतल्या पडद्यापर्यंत जी वाट जाते, ती मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. बोटाचे एक पेर म्हणा ना. या वाटेचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे मऊ आणि लवचिक. आतले दोन हिस्से हाडाचे. बाहेरच्या हिश्श्यात केस असतात, मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतल्या हाडाच्या बोगद्यात यांपैकी काही नाही. तिथे हाडावर थेट कातडी बसलेली, आणि तीही इतकी पातळ की मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश. कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये जो पारदर्शक पापुद्रा निघतो ना, तो डोळ्यांपुढे आणावा.

या कातडीचा एक गुण फार मौजेचा आहे. ती चालते. पडद्याच्या मध्यापासून निघून ती साधारण नख वाढते त्या गतीने बाहेरच्या बाजूला सरकत असते, आणि येताना मेलेल्या पेशी, धूळ, मळ, सगळे बरोबर घेऊन येते. कान आपला आपण झाडला जातो. कानात काडी, आकडा, किल्ली घालू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो तो एवढ्यासाठी. झाडणारी बाई दारातून बाहेर येत असते आणि आपण तिला कचऱ्यासकट परत आत ढकलतो. असो. ही चालती कातडी मात्र लक्षात असू द्या. हाड, पटाशी, हातोडी यांच्याविषयी मी पुष्कळ बोलणार आहे, पण गोष्ट खरी या कातडीची आहे.

आता हाड वाढते ते का? दुसरीकडे कुठे कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस असते, चरबी असते. इथे मध्ये काहीच नाही. त्यामुळे थंडगार पाणी कानात शिरले की त्याचा गारठा सरळ हाडावरच्या आवरणाला जाऊन भिडतो. गारठ्याने तिथल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात आणि मग बराच वेळ फुलून राहतात. एखाद्या दिवशी झाले तर काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे, आठवड्यातून तीन-चार वेळा, तास-दोन तास असे होत राहिले, की ते आवरण हाडाचा एक पातळ थर घालते. मग आणखी एक. मग आणखी एक. बोगद्याच्या भिंतीतून गोलसर उंचवटे पुढे येतात. बहुधा दोन्ही कानांत, आणि एका कानात दोन-तीन. यांना वैद्यकात एक्झोस्टोसिस म्हणतात. हा कर्करोग नव्हे, हे मी ताईला पहिल्याच मिनिटात सांगितले. आपल्यालाही सांगून ठेवतो. थंड पाण्याचा हा संबंध हॉलंडमधले डॉक्टर फान गिल्से यांनी १९३८ साली मांडला; पुढे १९४२ मध्ये अमेरिकेत गिनीपिगांच्या कानांत गार पाणी सोडून नवे हाड धरते हेही पाहण्यात आले.

इथे कोणी विचारील, की आमच्या कोकणातले मच्छीमार जन्मभर समुद्रात, त्यांच्या कानात हे का दिसत नाही? प्रश्न रास्त आहे. आपल्या किनाऱ्याचे पाणी वर्षभर चोवीस ते तीस अंशांच्या दरम्यान, म्हणजे उबदार. हाड धरण्यासाठी पाणी साधारण एकोणीस अंशांच्या खाली लागते. आमच्या दवाखान्यात येतात ते कानातली बुरशी घेऊन, वाहणारे कान घेऊन, आणि काडीने पडदा फोडून घेऊन. हाडाचा बोगदा बुजलेला माणूस मी उभ्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका पाहिला.

आणि हा केवळ उष्ण प्रदेश आणि थंड प्रदेश असा भेद आहे असेही समजू नका. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या उत्तर टोकाला आरिका नावाचे बंदर आहे. विषुववृत्तापासून मुंबई जितकी उत्तरेला, जवळजवळ तितकेच आरिका दक्षिणेला. पण त्याच्या किनाऱ्याने हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. त्या मुलुखातल्या प्राचीन लोकांच्या अकराशेंहून अधिक कवट्या संशोधकांनी तपासल्या, आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्रकाठच्या लोकांत शंभरातल्या सुमारे तिसांच्या कानात हाड वाढलेले. आतल्या खोऱ्यात राहणाऱ्यांत शंभरात दोन-तीन. आणि उंच डोंगरावरच्यांत एकही नाही. माणसे एकाच भागातली. फरक इतकाच, की काठावरचे लोक शिंपले आणि मासे काढायला गार पाण्यात बुड्या मारत होते. पोट भरण्याची किंमत त्यांनी कानाने मोजली, असे त्या कवट्या सांगतात. याहून कितीतरी जुनी साक्ष इराकमधल्या शानिदार गुहेतली आहे. तिथे सापडलेल्या एका निअँडरथल पुरुषाच्या दोन्ही कानांच्या वाटा अशाच हाडाने बुजलेल्या होत्या. हजारो वर्षांपूर्वी तो माणूस ऐकायला येत नसताना शिकारीच्या मुलखात कसा जगला असेल, हा विचार मला कानाचा डॉक्टर म्हणून नेहमी अस्वस्थ करतो. ते असू द्या.

माझा भाचा राहतो ते गाव सांताक्रूझ. आपले मुंबईचे, विमानतळाजवळचे सांताक्रूझ नव्हे हं; सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिक महासागराच्या काठी त्याच नावाचे एक टुमदार शहर आहे. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा जो खेळ आहे, त्याला तिकडे सर्फिंग म्हणतात. अमेरिकेच्या भूमीवर तो पहिल्याने याच गावी खेळला गेला असे मानतात. १८८५ साली कॅलिफोर्नियात शिकत असलेले हवाईचे तीन राजपुत्र तिथे आले होते. त्यांनी रेडवूड झाडाच्या लाकडाच्या फळ्या करून घेतल्या आणि सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. हवाईचे पाणी उबदार. सांताक्रूझचे मात्र बहुतेक दिवस अकरा ते सोळा अंश. अशा पाण्यात उघड्या अंगाने माणूस किती वेळ टिकणार? अर्धा तास, फार तर. दात वाजायला लागले की मुकाट्याने बाहेर.

म्हणजे निसर्गानेच कानांवर पहारा ठेवला होता म्हणायचे. तो पहारा माणसाने उठवला. बर्कले विद्यापीठातले पदार्थविज्ञानवेत्ते ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास रबरी फेसाचा पोशाख तयार केला. त्यात थोडे पाणी शिरते, अंगाच्या उबेने तापते, आणि माणूस गारठत नाही. त्याच वर्षी जॅक ओनील यांनी सॅन फ्रान्सिस्कोला सर्फिंगच्या सामानाचे दुकान काढले आणि १९५९ मध्ये ते सांताक्रूझला आले. हे पोशाख घरोघर पोहोचवण्यात त्यांचा वाटा मोठा. आता माणसे थंडीतही दोन-दोन, तीन-तीन तास पाण्यात राहू लागली. सर्वांग उबेत, कान तेवढे उघडे. त्या भागातल्या ३०७ सर्फिंगवाल्यांची तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. चारांतल्या जवळजवळ तिघांच्या कानांत हाड वाढलेले आढळले, आणि ज्याची वर्षे जास्त त्याचे हाड जास्त.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. म्हणालो, "नीट सांग, होतं काय तुला?"

तो म्हणाला, "मामा, दुखत काही नाही. पण पाण्यातून बाहेर आलो की उजव्या कानातलं पाणी दोन-दोन दिवस निघत नाही. मग कान ठणकतो, वाहतो. या वर्षात चार वेळा औषधं घेतली. आणि मीटिंगमध्ये उजव्या बाजूला कोणी बसलं की मी मान वळवतो."

हे सगळे अगदी पुस्तकातल्यासारखे. उंचवट्यांमध्ये फट उरते ती तांदळाच्या दाण्याएवढी. पाणी शिरते, निघत नाही. कातडी चालत येते, पण दाराशीच अडते. तिच्याबरोबरचा मळ मागे साठतो, कुजतो. एवढासा कण फटीत बसला की ऐकू येणे बंद. बोगदा दोन तृतीयांशाहून अधिक बुजला, की आम्ही त्याला तीव्र म्हणतो. भाच्याचा उजवा कान तसा होता, डावा निम्म्याच्या थोडा वर.

पण एक सांगितले पाहिजे. हाड दिसले म्हणून शस्त्रक्रिया, असा हिशेब नाही. पुष्कळांच्या कानांत हे उंचवटे असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. त्यांना काहीही करू नये. हाड विरघळवणारे औषध नाही. तेल नाही, थेंब नाहीत, आणि ज्याची जाहिरात सापडेल ते तर मुळीच नाही. वारंवार कान पिकणे किंवा ऐकू कमी येणे, ही त्रासाची दोन कारणे असतील तरच सर्जनकडे जावे. भाच्याला दोन्ही होती.

आता हत्यारांकडे वळू. ताईचा सगळा राग त्यांच्यावर होता.

कानामागचे हाड छिन्नी-हातोडीने उघडण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया जर्मनीत हाले इथल्या हेरमान श्वार्ट्झे यांनी १८७३ मध्ये मांडली. कानातला पू मेंदूकडे चढून माणसे मरत होती. त्या काळी या छिन्नीने अक्षरशः प्राण वाचवले. माझ्या गुरुजींच्या पिढीपर्यंत आपल्याकडे हीच विद्या होती. मी शिकाऊ असताना, १९७० नंतरच्या त्या वर्षांत, टेबलाजवळ उभा राहून मीही हातोडी धरली आहे. गुरुजी पटाशी लावायचे आणि म्हणायचे, "हं." त्या एका 'हं' वर किती जोराचा टोला द्यायचा ते कळावे लागे. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस त्याच हाडातून जाते. टोला चुकला तर रोग्याचे तोंड जन्मभर वाकडे. रात्री झोपेत मला ते 'हं' ऐकू यायचे.

मग ड्रिल आले. खरे म्हणजे ते जगात आधीच आले होते. न्यूयॉर्कच्या ज्युलियस लेम्पर्ट यांनी दंतवैद्यांचे फिरते यंत्र कानात वापरून दाखवले होते, आणि १९५३ पासून झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक मिळू लागला होता. आमच्यापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागला इतकेच. मिनिटाला हजारो फेरे घेणारा तो हिऱ्याचा मणी हाड लोण्यासारखे झिजवतो. मी हातोडी खाली ठेवली ती कायमची, असे मला वाटले होते.

या समजुतीला तडा गेला तो एका रोग्यामुळे. १९९४ सालची गोष्ट असेल. रत्नागिरीकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. परदेशी कंपनीत पाणबुडे म्हणून त्यांनी पंधरा-सोळा वर्षे उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम केले होते. दोन्ही कानांत हाड, उजवा जवळजवळ बंद. मी तेव्हाच्या रीतीने कानामागे छेद घेतला, कान पुढे उलटवला आणि ड्रिलने हाड झिजवायला लागलो. बोगदा अरुंद, आत फिरणारा मणी. तो हाड आणि कातडी यांत भेद करीत नाही. कातडी दुमडून बाजूला ठेवावी म्हटले तरी ती मण्याला गुंडाळली जायची आणि चिंध्या होऊन निघायची. हाड गेले, वाट मोकळी झाली, पडदा शाबूत राहिला. वह्यापुस्तकांच्या हिशेबाने शस्त्रक्रिया यशस्वी. पण उघड्या हाडावर नवी कातडी यायला दहा आठवडे लागले. दर चार दिवसांनी ते बिचारे एसटीने यायचे, मी कान साफ करायचो, ते दात आवळून बसायचे. शेवटच्या खेपेस म्हणाले, "डॉक्टर, लाटेचा आवाज परत आला. फार बरं वाटलं. पण तिच्याबरोबर एक रातकिडा आत आलाय, तो काही बाहेर जात नाही."

तो रातकिडा म्हणजे कानातला नाद. ड्रिलचा आवाज हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जातो, आणि तिथल्या नाजूक पेशींना तो सोसवेलच असे नाही. मी काही हलगर्जी केली नव्हती. तरी तो रातकिडा माझ्या खात्यावर मांडलेला आहे. ते गृहस्थ पुढे दर गणपतीला भेटायला यायचे आणि मी विचारायच्या आधी सांगायचे, "आहे हो, आहे अजून."

म्हणून २००७ साली 'लॅरिंगोस्कोप' या वैद्यकीय मासिकात सांताक्रूझच्याच डग्लस हेट्झलर या कानाच्या सर्जनचा लेख आला, तेव्हा मी तो दोनदा वाचला. गावच सर्फिंगवाल्यांचे, त्यांच्याकडे असे कान रोजचे. त्यांनी ड्रिल बाजूला ठेवून, कानामागे छेद न घेता, कानाच्या स्वतःच्याच वाटेने, सूक्ष्मदर्शकाखाली, एक मिलिमीटर रुंदीच्या पटाशीने हे हाड काढण्याची रीत वर्णन केली होती. छिन्नीची कल्पना त्यांची नवी नव्हे. पूर्वीही काहींनी वापरली होती. पण इतकी बारीक पटाशी, इतके मोठे करून दाखवणारे भिंग, आणि ही कातडी जपण्याचा इतका ध्यास, हे तिन्ही एकत्र आले होते. पहिल्या वाचनात मला हसू आले, हे कबूल करतो. म्हातारी हातोडी मागच्या दाराने घरात आली म्हणायची! दुसऱ्या वाचनात हसू गेले.

कारण असे आहे. हे हाड थरांनी वाढलेले असते, हे मी मघाशी सांगितले. आपण शहाबादी फरशी पाहिली असेल. खाणीत कामगार ती करवतीने रेटून कापत बसत नाही. थराची रेष हेरतो, तिथे छिन्नी लावतो, बेताचा टोला देतो, आणि लादीच्या लादी सुटी होते. इथे तेच. पटाशीची धार बोगद्याच्या मूळ भिंतीला समांतर धरायची. सहायक हलका टोला देतो. टक्. थर सुटतो. चिमट्याने तो कपचा बाहेर काढायचा आणि पुढच्या थराला हात घालायचा. पटाशी फिरत नाही, म्हणून कातडीला गुंडाळत नाही. गरम होत नाही. किंचाळत नाही. सुरुवातीला उंचवट्यावरची कातडी बारीक सुरीने एका कडेने सोडवून पडद्याच्या बाजूला दुमडून ठेवायची, आणि शेवटी तीच पुन्हा मोकळ्या हाडावर पसरायची. वर औषधाचा बारीक स्पंज. टाका एकही नाही. कातडी जागेवर असली की ती आपले चालण्याचे काम लवकरच परत सुरू करते. कित्येक रोगी तीन ते पाच आठवड्यांत पाण्यात परत जाऊ शकतात. माझ्या पाणबुड्याचे दहा आठवडे आठवून पाहा.

'कमीत कमी छेदाची शस्त्रक्रिया' असे या प्रकारांना आजकाल म्हणतात, आणि त्या शब्दांनी लोकांची एक गैरसमजूत होते. छेद छोटा म्हणजे धोका छोटा, असे नाही. बोगद्याच्या पुढच्या भिंतीपलीकडे जबड्याचा सांधा आहे. मागच्या भिंतीत तीच ती चेहऱ्याची नस. आणि सगळ्यात आतला कपचा पडद्यापासून केसभर अंतरावर असतो. तो सुटताना आत पडला तर पडदा फाटतो. ड्रिलवाला हळूहळू झिजवत जातो, त्याला थांबता येते. टोला दिल्यावर थांबणे नाही. म्हणून पुष्कळ चांगले सर्जन आजही ड्रिलच वापरतात, काही जण दोन्ही. मोठा भाग पटाशीने आणि शेवटचा पडद्याजवळचा तुकडा हिऱ्याच्या मण्याने. काही जण सूक्ष्मदर्शकाऐवजी पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण आत घालून पाहतात. यांतले कोणी चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याच्या हाताला जे हत्यार वर्षानुवर्षे सरावले आहे, त्याच्याकडून ते करून घ्यावे. मात्र एक प्रश्न रोग्याने विचारायला हरकत नाही: "डॉक्टर, माझी कातडी तुम्ही कशी जपणार?" उत्तर देताना जो सर्जन खुर्चीत पुढे सरकून बसेल, तो बहुधा बरा.

हाच प्रश्न मी भाच्याला लिहून दिला. त्याने तो विचारला. त्याचे सर्जन पाऊण तास बोलले म्हणे, चित्र काढून. मग तो मला म्हणाला, "मामा, तिथं करू की तुमच्याकडे येऊ?" ताईची इच्छा मला ठाऊक होती. भाच्याचा कान, घरचा माणूस, मनात मोह आला नाही असे नाही. पण मी म्हणालो, "असले कान मी आयुष्यात पाच-सहा पाहिले. त्या माणसाने महिन्यात तितके पाहिले असतील. तिथंच कर." हे ताईला सांगणे कानाच्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गेले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

शस्त्रक्रिया उजव्या कानाची झाली. दोन्ही कान एकदम करू नयेत, असे माझे मत होते. सर्जनचेही तेच निघाले. पूर्ण भूल दिली नव्हती. गुंगीचे औषध आणि कानात इंजेक्शन, त्यामुळे त्याला अर्धवट जाग होती. त्याने नंतर मला सांगितले, "दुखलं नाही. पण आवाज! कोणीतरी दारावर टकटक करतंय आणि दार म्हणजे माझंच डोकं." दीड तास ती टकटक चालली. निघालेले कपचे त्यांनी त्याला बाटलीत घालून दिले. मोठ्यात मोठा तुकडा मुगाच्या डाळीएवढा. त्याचा फोटो त्याने आईला पाठवला, ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, "एवढ्याशासाठी?"

चौथ्या आठवड्याच्या शेवटी कान कोरडा, कातडी बसलेली. रातकिडा नाही, मी हे त्याला तीन वेळा विचारले. सहाव्या आठवड्यात तो समुद्रात गेला, कानात बोळे आणि डोक्यावर रबरी टोपी घालून. कारण गार पाणी लागत राहिले तर हाड पुन्हा धरते; शस्त्रक्रियेने हाड जाते, हाडाची सवय जात नाही. हे बोळे बाजारात साध्या किमतीला मिळतात. गेली बावीस वर्षे त्याने ते का घातले नाहीत, असे मी विचारले, तर म्हणाला, "ते घातले की लाट ऐकू येत नाही, मामा. मागून कोणती येतेय ते आधी कानालाच कळतं." यावर माझ्यापाशी काही बोलायला नव्हते. आता काही बोळे असे निघाले आहेत, की ज्यांतून पाणी शिरत नाही पण आवाज येतो. तसे त्याने घेतले आहेत.

आपल्यापैकी कोणाची मुले-नातवंडे अशा थंड समुद्रांच्या काठी राहात असतील, इंग्लंडच्या कॉर्नवॉलला, न्यूझीलंडला, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, आणि लाटांवर खेळत असतील, तर त्यांना एवढे जरूर विचारा: आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर कानातले पाणी किती वेळ राहते? एक दिवसाहून जास्त राहात असेल, तर एकदा कान दाखवून घ्यावा. आणि तोवर स्वतः मळ समजून त्यात काही घालू नये. दिसते ते पांढरट, टणक हाड असू शकते, आणि त्यावर फक्त तो कांद्याचा पापुद्रा असतो.

भाच्याचा डावा कान अजून तसाच आहे, निम्म्याच्या वर बंद. तो ठणकत नाही, वाहत नाही. दर सहा महिन्यांनी तो दाखवून येतो आणि मला मोजमाप कळवतो. गेल्या दोन्ही खेपांना ते होते तेवढेच आहे. ताई दर रविवारी मला फोन करते आणि विचारते, "दुसऱ्याचं काय ठरलं?" मी सांगतो, अजून काही नाही.